हात बरे होतात आणि पुन्हा फुटतात, असं का?

बेळगावातल्या आमच्या वडगावात अजून बऱ्याच घरांत माग आहेत. शेजारच्या अक्का सकाळी धुणीभांडी उरकून दुपारी कांड्या भरायला बसतात. माघातल्या एका दुपारी त्यांनी भिंतीवरूनच हाक मारली, "सिस्टर, जरा येऊन बघा की. धागा सारखा अडकायलाय." जाऊन बघितलं तर उजव्या अंगठ्याच्या टोकाला, नखाच्या बाजूला, बारीक भेग होती. तिच्या दोन्ही कडा पांढऱ्या, टणक, वर आलेल्या. रेशमाचा धागा त्या कडेला लागला की अडकायचा, ताणला की त्याला लव सुटायची. अक्का धागा सोडवत होत्या आणि दर वेळी अंगठा झटकत होत्या. दिवाळीपासूनची ही तिसरी खेप. मेडिकलमधून ट्यूब आणायची, आठ दिवस लावायची, हात छान व्हायचा आणि पंधरा दिवसांत भेग पुन्हा तिथंच.

ही तक्रार मला सतत ऐकायला मिळते. वॉर्डातल्या पोरी, खानावळवाल्या मावशी, गोठ्यात राबणारी माझी धाकटी जाऊ, लहान बाळ असलेल्या आया, सगळ्यांचं वाक्य एकच: "लावलं की बरं होतं, सोडलं की येतं." मीही यातून गेले आहे. सतरा वर्षं वॉर्डात काम करते. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या बोटांच्या पेरांवर चिरा पडून रक्त यायला लागलं. तेव्हा जिथं नोकरी होती तिथं कॅनमधला स्वस्तातला साबण बाटल्यांत भरून ठेवायचे. त्यानं हात धुतले की कातडी ताणल्यासारखी व्हायची. तक्रार केली तर "सगळ्यांनाच होतं" एवढंच उत्तर मिळालं. मी दोन वर्षं स्टेरॉइडची ट्यूब लावून दिवस काढले. एकदा सलाईनची चिकटपट्टी फाडताना माझ्याच बोटाची साल तिच्याबरोबर निघाली, इतकी कातडी पातळ झाली होती. त्या दिवशी ट्यूब बाजूला ठेवली आणि दिवसभर माझे हात काय काय सोसतात ते बघायला लागले.

हे का होतं ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचे उपाय चार दिवसांत सुटतील. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो आणि त्यांच्यामध्ये चरबी भरलेली असते. खानापूरकडच्या कौलारू छपरासारखं समजा. एक कौल सरकलं म्हणून छप्पर कोसळत नाही, पण पाणी आत यायला लागतं. इथं पाणी दोन्हीकडून जातं: आतला ओलावा बाहेर उडतो आणि बाहेरचा साबण, तिखट, लसणाचा रस आत शिरतो. साबण हातावरचं तेल काढतो ते त्याचं कामच आहे, पण त्याबरोबर मधली चरबीही थोडीथोडी नेतो. शिवाय कातडीचा पीएच साधारण ५च्या आसपास, म्हणजे किंचित आंबट असतो, तर वडीच्या साबणाचा ९ ते १०. एकदा धुतल्यावर कातडी सावरते. पण ती सावरायच्या आत तुम्ही दुसऱ्यांदा धुता, मग तिसऱ्यांदा.

आता पुन्हा पुन्हा का होतं, ते. भेग मिटते, लाली जाते, हात गुळगुळीत लागतो, तेव्हा आतलं काम अर्धंच झालेलं असतं. कातडीची पूर्वीची ताकद परत यायला, हात वरून बरा दिसायला लागल्यावरही चार ते पाच महिने लागतात. आपण आठव्या दिवशी थांबतो. हात बरा दिसतो म्हणून त्याच दिवशी उघड्या हातानं घागरी घासायला बसतो. ट्यूब बदलून, डॉक्टर बदलून याला उत्तर मिळत नाही. बदलायची ती मोरी, म्हणजे मोरीवरच्या आपल्या सवयी.

आधी मोजा

अक्कांना मी तीन वाट्या दिल्या, एकीत चिंचोके. हात नुसते ओले झाले की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा, साबण लावला तर तिसरीत. रात्री मोजले तर हात एक्केचाळीस वेळा ओले झाले होते, त्यात सव्वीस वेळा साबण. त्यांना स्वतःलाच खरं वाटेना. दिवसात दोन तासांहून जास्त हात ओले राहणं किंवा २० पेक्षा जास्त वेळा धुणं म्हणजे कातडीला धोका, असं कामगारांच्या आरोग्याचा विचार करणारे मानतात. आपल्याकडची बहुतेक घरं हा आकडा दुपारच्या जेवणापर्यंतच गाठतात.

यातलं कमी काय करता येतं? संडासाहून आल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी, बाळाचं आवरल्यावर, आजाऱ्याला हात लावल्यावर साबण लागतोच, तिथं तडजोड नाही. नीट हात धुण्यानं जुलाबाचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी कमी होतं, हे अनेक अभ्यास एकत्र करून दिसलेलं आहे. पण कोथिंबीर निवडून झाली, पीठ मळून झालं, कपडे वाळत घातले, तेव्हा साबण कशाला? नुसतं पाणी पुरतं. तेलकट हाताला आधी चमचाभर डाळीचं पीठ चोळून झटकलं तर साबण अगदी थोडा लागतो. अक्कांचे साबणाचे चिंचोके चार दिवसांत सव्वीसवरून अकरावर आले.

साबण, पाणी आणि पुसणं

आधी हात ओले करा, मग साबण घ्या. कोरड्या हातावर साबण चोळला की तो एकाच जागी जास्त लागतो. वीसेक सेकंद चोळा, त्यापेक्षा जास्त रगडून कातडीचंच नुकसान. घासणी, काथ्या, ब्रश हातावर अजिबात नको.

गरम पाणी सोडा. थंडीत बंबाचं कढत पाणी बरं वाटतं, पण हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यानं जंतू मरत नाहीत, चरबी मात्र जास्त वितळते. कोमट किंवा साधं पाणी घ्या. बेळगावात नळाला राकसकोपचं किंवा हिडकलचं पाणी येतं, नळ आला नाही की बोअरवेल. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण आणखी साबण घेतो. जड पाण्यातले क्षार आणि साबण मिळून जो चिकट पांढरा थर बादलीला बसतो, तोच हातावरही राहतो. बोअरवर असाल तर शेवटचा एक तांब्या नळाच्या किंवा पावसाच्या पाण्याचा घ्या.

साबणाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं एकदा वाचाच. आपल्याकडे अंगाच्या साबणाची प्रत टीएफएमवर, म्हणजे त्यातल्या एकूण स्निग्ध अंशावर, ठरते: ७६ टक्के किंवा जास्त म्हणजे ग्रेड १, ७० म्हणजे ग्रेड २, ६० म्हणजे ग्रेड ३. 'बेदिंग बार' लिहिलेली वडी या प्रतींत येतच नाही. पण ग्रेड १चा साबणही अल्कलीच, म्हणजे आंबटाच्या उलट, हे लक्षात ठेवा. हात फुटलेले असतील त्या काळात सिंडेट वडी (नेहमीचा साबण न वापरता केलेली सौम्य वडी) किंवा पीएच ५.५ लिहिलेला, बिनवासाचा हँडवॉश वापरावा. महाग पडतो हे खरं. म्हणून घरात एकाच माणसाचे हात फुटलेले असतील तर ती एक वडी त्याच माणसाची ठेवा. 'जंतुनाशक' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. साध्या साबण-पाण्यापेक्षा हे घटक सरस आहेत असं उत्पादकांना दाखवता आलं नाही, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटकांना घरगुती साबणांत मनाई केली. बादलीत जंतुनाशक औषधाचं झाकण ओतून त्यात हात बुडवायची सवय तर आजच सोडा. फुटलेल्या हातांचे निम्मे दुखणे मी त्या बादलीतच बघितले आहेत.

धुतल्यावर पदराला ओझरता हात पुसून आपण पुढच्या कामाला लागतो. बोटांच्या बेचक्यांत, अंगठीखाली, बांगडीच्या जागी ओल आणि साबण तसाच राहतो. सुती फडक्यानं टिपून घ्या, रगडू नका. अंगठी काढून धुवा. फक्त अंगठीखालीच लाल चकंदळ असेल तर बहुतेक वेळा कारण साबणच असतं, सोन्याला दोष लावायची घाई करू नका.

आणि लगेच, हात किंचित दमट असतानाच, स्निग्ध काहीतरी लावा. ही एक गोष्ट कोणी मनापासून करत नाही. "रात्री लावते की" म्हणतात. रात्रीचं हवंच, पण दिवसभर उघडं पडलेलं छप्पर रात्री एकदा शाकारून कसं भागेल? घट्ट मलम सगळ्यात चांगलं, त्याखालोखाल क्रीम, लोशन शेवटी, कारण लोशनमध्ये पाणी जास्त आणि चरबी कमी. साधी पेट्रोलियम जेली स्वस्त, बिनवासाची आणि भरवशाची. खोबरेल चालतं. कोकणातून येतं ते कोकमाचं घट्ट तेल हाताच्या उबेनं वितळतं, तेही चांगलं. उघड्या भेगेवर युरियाचं क्रीम मात्र झोंबतं, भेग मिटल्यावर लावा.

इथं प्रत्येकाची अडचण वेगळी असते. अक्कांची अडचण रेशमाची: जेलीचा हात धाग्याला लागला की डाग. म्हणून त्या सकाळी भांडी झाल्यावर आणि रात्री जेली लावतात, आणि मागावर बसायच्या आधी हलकं क्रीम लावून पंधरा मिनिटं कपड्यांच्या घड्या करतात. तोवर ते मुरतं. आम्हा नर्सची अडचण ग्लोव्हजची: जेली किंवा तेल लागलं की लॅटेक्स विरतं, म्हणून ड्यूटीवर पाण्यात मिसळणारं क्रीम आणि जेली घरी. स्वयंपाक करणाऱ्यांनी तूप किंवा खोबरेल लावावं, पोटात गेलं तरी हरकत नाही.

रात्री पाच मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवा, टिपा, जेली जाडसर लावा आणि वर जुने सुती मोजे चढवा. पहिल्या तीन रात्री मोजे झोपेतच निघून जातात. नंतर सवय होते.

लसूण सोलणारा हात

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी खानावळ चालवतात. त्यांचा डावा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढीच तीन टोकं फुटलेली. उजवा हात स्वच्छ. साबणाचं असतं तर दोन्ही हातांना झालं असतं. उजव्या हातात विळी-सुरी, डाव्या हाताच्या तीन बोटांत लसणाची पाकळी: कारण तिथंच समोर होतं. लसणातल्या एका गंधकयुक्त घटकानं काही जणांना ही ॲलर्जी होते आणि तो घटक बऱ्याच हातमोज्यांतूनही आरपार जातो. मावशींना रोज पाव किलो लसूण सोलायला लागायचा. आता ते काम त्यांच्या सुनेकडे आहे आणि बोटं दोन महिन्यांत भरून आली.

म्हणून हात नीट निरखून बघा. बोटांच्या पाठीवर, बेचक्यांत, दोन्ही हातांना कोरडेपणा आणि चिरा म्हणजे बहुतेक धुण्याचं इसब. एकाच तळव्याला पीठ भुरभुरल्यासारखा कोरडेपणा आणि पायालाही तसंच, म्हणजे नायट्याची शंका. बेचक्यांत आणि मनगटाला रात्री खाज, आणि घरात दुसऱ्यालाही खाज, म्हणजे खरूज आधी तपासा. बोटांच्या कडेला साबुदाण्यासारखे खोल, पाण्यानं भरलेले फोड हा इसबाचाच वेगळा प्रकार. या सगळ्यांना एकच ट्यूब लावणं चूक आहे.

ट्यूब

याबद्दल मी जरा कडक बोलते, कारण माझीच कातडी त्यात गेली. मेडिकलमध्ये "हाताला खाज आहे" म्हटलं की अजूनही पुष्कळदा तीन-चार औषधांचं एकत्र मलम हातात येतं: जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध, वर अँटिबायोटिक. स्टेरॉइडनं लाली झटकन जाते, म्हणून ते गुणकारी वाटतं. नायटा असेल तर तो आतल्या आत पसरतो, ओळखू येईनासा होतो. असली बरीचशी स्टेरॉइड मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा केंद्र सरकारचा नियम आहे. स्टेरॉइड वाईट नाही. इसब भडकलेलं असेल तर डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी देतात आणि ते घ्यावंच. एका बोटाच्या पेराएवढी लांब ओळ म्हणजे अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. दिवस किती आणि बंद कसं करायचं हे चिठ्ठीवर लिहून घ्या.

घरगुती उपायांत लिंबू, मीठ, चुना आणि राख फुटलेल्या हाताला लावू नका. लसणाचा वास जावा म्हणून लिंबू चोळतात, ते भेगेत आग करतं, आणि लिंबाचा रस लागलेला हात उन्हात गेला तर काळे डागही पडतात. राख अल्कलीच आहे. राखेनं भांडी घासली तरी हात फुटतातच, फक्त साबणाचं नाव होत नाही.

हातमोजे

रबरी हातमोज्यांचा जन्मच फुटलेल्या हातांतून झाला. १८८९-९०च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांचे हात पाऱ्याच्या जंतुनाशकानं सोलून निघत होते. शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. रुग्णाला जंतू लागू नयेत हा विचार नंतर आला, आधी एका नर्सचे हात वाचवायचे होते. मला ही गोष्ट कळली तेव्हा खूप धीर आला होता.

भांड्यांसाठी जाड, लांब बाह्यांचे, आतून सुती अस्तराचे घ्या. अस्तर नसेल तर आत सुती मोजा घाला. हात कोरडा करूनच घाला. वीस मिनिटांच्या वर सलग नको, आत घाम साचला की ओल्या हाताचंच दुखणं मोज्यात होतं. आत पाणी गेलं तर लगेच काढा. मग उलटे करून वाळत घाला. मोज्यांनीच मनगटापर्यंत खाज आणि लाली येत असेल तर रबर किंवा त्यातली रसायनं सोसत नाहीत, नायट्रिल किंवा विनाइलचे वापरून बघा आणि डॉक्टरांना सांगा.

निपाणीकडच्या विड्या वळणाऱ्या बायांना मोजे घालून काम जमत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांनी हाताला लागलेली तंबाखू धुणं टाळूही नये, कारण तंबाखूतलं निकोटिन कातडीतून आत जातं, आणि फुटलेल्या हातातून जास्तच. त्यांच्यासाठी धुणं मोजकं, टिपणं आणि लगेच मलम, हाच क्रम.

सॅनिटायझरनं हात आणखी फुटतात का?

झोंबतं म्हणून तसं वाटतं. भेग असेल तर अल्कोहोल झोंबणारच. पण साबण चरबी काढून पाण्याबरोबर वाहून नेतो, तसं सॅनिटायझर करत नाही, आणि चांगल्या सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीतही ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉल आहे, ते हातांसाठीच. हाताला दिसेल अशी घाण नसेल तर वॉर्डात आम्ही तेच वापरतो, २० ते ३० सेकंद चोळून वाळेपर्यंत. तेलकट, मळलेल्या हाताला किंवा जुलाबाच्या रुग्णाजवळ मात्र साबण-पाणीच. साबणानं धुऊन वर लगेच सॅनिटायझर, ही दुहेरी शिक्षा कोविडच्या काळात अनेकांनी हातांना दिली, तिची काही गरज नाही. आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय गॅस पेटवू नका.

चिखल्या आणि नखुरडं

धाकट्या जावेचं सासर-माहेर दोन्ही खानापूर तालुक्यात, तिथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. रोपलावणीत दिवसभर चिखलात हात-पाय. तिच्या मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात पांढरी, पचलेली, ओली कातडी, म्हणजे चिखल्या. इथं वर सांगितलेली जेली लावू नका, ओल आत कोंडते. बेचकं कोरडं ठेवायचं, रात्री उघडं ठेवायचं आणि बुरशीचं साधं औषध, स्टेरॉइड नसलेलं, डॉक्टरांना विचारून घ्यायचं. नखाच्या कडेला सूज आणि ठणका, दाबलं की पू, म्हणजे नखुरडं. नखाच्या मुळाची पातळ साल कात्रीनं कापायची सवय असेल तर ती थांबवा, जंतूंना वाट तिथूनच मिळते.

पू, वाढती सूज, ताप, मनगटाकडे चढणारी लाल रेघ, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. मधुमेह असेल तर साध्या भेगेलाही थांबू नका. सगळं नीट करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीला जा आणि कशाची ॲलर्जी आहे ते शोधणाऱ्या पॅच टेस्टबद्दल विचारा. पाठीवर छोट्या चकत्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवता येत नाही. जाताना घरातला साबण, भांड्यांची पावडर, क्रीम, ट्यूब, सगळं पिशवीत घालून न्या. डॉक्टरांना त्या पिशवीवरून पुष्कळ कळतं.

अक्कांची भेग फाल्गुनात मिटली. त्या दिवशी आम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खूण केली आणि पुढची पानं उलटून श्रावणात दुसरी खूण केली, तोवर काहीही सोडायचं नाही. आता ज्येष्ठ चालू आहे. काल गेले तर त्या कांडी भरत होत्या, धागा अंगठ्यावरून सरसर जात होता. शेजारी मोरीच्या कट्ट्यावर चिंचोक्यांची वाटी होती, नऊ झाले होते.